सोसायटीत नवं बिऱ्हाड येतंय? काय सांगायचं, कधी आणि कुणी

गुरुवारची रात्र, साडेअकरा वाजलेले. दुसऱ्या मजल्यावर चारच दिवसांपूर्वी राहायला आलेला एक मुलगा खांद्यावर टॉवेल आणि डोक्याला शाम्पूचा फेस अशा अवस्थेत खाली वॉचमनसमोर उभा होता. नळ अर्ध्या आंघोळीत कोरडा पडला होता. पुण्यात गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद असलं की आमच्या सोसायटीत रात्री दहाला टाकीचा व्हॉल्व्ह बंद करतात. शुक्रवारी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येतं, तोवर टाकी पुरायला हवी. ही गोष्ट इमारतीतल्या एकतीस घरांना पाठ होती. बत्तिसाव्या घराला ती कुणी सांगितलीच नव्हती. मी पिंपातलं दोन बादल्या पाणी त्याला वर नेऊन दिलं. तो म्हणाला, "काकू, आधी कळलं असतं तर मी बादली भरून ठेवली असती."

त्या वेळी सोसायटीची सेक्रेटरी मीच होते. त्याच्याकडून पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत, आधार कार्ड, भाडेकराराची प्रत असं सगळं मी वेळेत घेतलं होतं. पाण्याचं मात्र सांगितलं नव्हतं. त्यानंतर गेली सहा वर्षं आम्ही नव्या घराशी बोलण्याची एक पद्धत हळूहळू बसवली आहे. ती इथे सविस्तर देते. आमची इमारत बत्तीस घरांची आहे. तुमची दोनशेची असेल तर हेच काम विंगनिहाय करा.

आधी आपली यादी कागदावर आणा

जुन्या रहिवाशांना आपले नियम दिसतच नाहीत, कारण ते अंगवळणी पडलेले असतात. "नियम सांगा" म्हटलं की लोक चार-पाच गोष्टी सांगतात आणि थांबतात. म्हणून आम्ही कमिटीतले चौघं एका रविवारी बसलो आणि दूध येण्यापासून रात्री गेट लागेपर्यंतचा एक अख्खा दिवस क्रमाने बोलून काढला. पंप कधी चालू होतो, कचरा किती वाजता बाहेर ठेवायचा, सिलिंडरवाला कुठल्या बाजूने येतो, गाड्या धुवायला पाइप वापरायचा की बादली, मुलं कुठे खेळतात, गच्चीची किल्ली कुणाकडे असते, उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायला कोणती बाजू. तीन तासांत एकसष्ट गोष्टी निघाल्या.

मग त्यांचे तीन ढीग केले, आणि या वाटणीवर सगळ्यात जास्त वेळ द्या असं मी आग्रहाने सांगेन. पहिल्या ढिगात कायद्यात किंवा उपविधीत (सोसायटीच्या लेखी नियमावलीत) लिहिलेल्या गोष्टी: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, त्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी घातलेलं स्वतंत्र प्रकरण आणि आपल्या सोसायटीने स्वीकारलेले उपविधी. दुसऱ्या ढिगात सर्वसाधारण सभेचे ठराव. प्रत्येक ठरावापुढे सभेची तारीख लिहायची. तारीख सापडली नाही तर तो ठराव नाही. "रविवारी ड्रिल मशीन नाही" हा ठराव आमच्याकडे सगळ्यांना आठवत होता, पण मिनिट्सच्या वहीत कुठेच नव्हता. पुढच्या सभेत तो रीतसर केला. उरलं ते सगळं तिसऱ्या ढिगात, म्हणजे रीत. गच्चीची बाजू, जिन्यातल्या कुंड्या, दिवाळीच्या फराळाचं ताट एकमेकांकडे पाठवणं, हे रीतीत मोडतं.

नव्या माणसाशी बोलताना कोणती गोष्ट कोणत्या ढिगातली आहे हे स्पष्ट सांगायचं. रीत असेल तर "आम्ही असं करत आलोय, तुम्हाला जमेल का?" असं विचारायचं. रीत नियमाच्या आवाजात सांगितली की समोरचा माणूस ती तपासायला जातो, कागदावर काहीच नाही हे त्याला कळतं आणि मग त्याचा आपल्या खऱ्या नियमांवरचाही विश्वास उडतो.

यादी करताना काही गोष्टी काढूनही टाकाव्या लागतील. "बॅचलरना घर द्यायचं नाही", "कुत्रा चालणार नाही", "कुत्रा असेल तर लिफ्ट वापरायची नाही" हे अनेक सोसायट्यांच्या तोंडी नियमांत असतं. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि भाडेकरू अविवाहित आहे एवढ्यावरून त्याला अडवण्याचा अधिकार उपविधी कमिटीला देत नाहीत. पाळीव प्राण्यांबाबत भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही. पट्टा बांधणं, लसीकरण, घाण उचलणं ही अपेक्षा जरूर ठेवा आणि ती लिहूनही द्या.

व्यवहार पक्का होण्याआधी: पैशाचा कागद

घर विकत घेणारा माणूस बहुतेक वेळा एजंटबरोबर येतो, फरशा आणि खिडक्या बघतो आणि जातो. त्याला "सेक्रेटरींना भेटून जा" असा निरोप द्यायला विक्री करणाऱ्या सभासदाला सांगा. या भेटीत पैशाचं सगळं बोलून घ्यायचं. नंतरची निम्मी कटुता इथूनच सुरू होते.

आमच्या कागदावर हे असतं. दर महिन्याचा मेंटेनन्स आणि तो कसा बसतो: सेवा शुल्क आणि लिफ्टचा खर्च सगळ्या घरांना सारखा, मालमत्ता कर प्रत्यक्ष येईल तसा, पाणी नळांच्या संख्येवर, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी) घराच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के. थकबाकीवर लागणारं व्याज (उपविधींप्रमाणे कमाल २१ टक्के, तेही सरळव्याज). हस्तांतराचे ५०० रुपये, प्रवेश शुल्क १०० रुपये, आणि सर्वसाधारण सभेने ठरवलेला हस्तांतर अधिमूल्याचा, म्हणजे घर नव्या नावावर करताना सोसायटीला द्यायच्या रकमेचा, आकडा. हा आकडा महापालिका हद्दीत २५,००० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. लहान नगरपालिका आणि ग्रामपंचायत हद्दीत मर्यादा आणखी कमी आहे, आणि घर कुटुंबातल्याच माणसाच्या नावावर होत असेल तर अधिमूल्य लागतच नाही. "स्वेच्छेने देणगी" या नावाखाली जास्तीचे पैसे मागू नका. पहिल्याच भेटीत नियम वाकवलेला बघितला की त्या घराने पुढे आपलं काय ऐकावं?

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे येऊ घातलेले खर्च. इमारतीला बाहेरून रंग द्यायचा ठराव झालाय का, लिफ्ट बदलायची आहे का, पुनर्विकासाची चर्चा कुठवर आली आहे, हे घर घेणाऱ्याला आधी कळलं पाहिजे. एका घराला हे आम्ही सांगितलं नव्हतं. आल्यानंतर दोन महिन्यांत त्यांच्या हातात वॉटरप्रूफिंगच्या वर्गणीचं बिल पडलं. त्यांनी भरलं, पण पुढची दोन वर्षं ते कुठल्याही सभेला आले नाहीत, आणि मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या उत्तरेला सेटेडॅमेन नावाची सत्तावीस घरांची वस्ती १९७२ पासून आहे. घरं आपापली, पण स्वयंपाकघर, जेवणाची खोली आणि अंगण सगळ्यांचं मिळून. त्याच धर्तीवरच्या अमेरिकेतल्या बऱ्याच वस्त्यांमध्ये घर घ्यायला आलेल्या माणसाला आधी सामायिक जेवणाला आणि साफसफाईच्या दिवसाला बोलावतात. हिशोबाआधी माणसांची ओळख होते. आपल्याकडे अशी अट घालता येत नाही, पण बोलावता तर येतं. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी बागेचं काम आणि नंतर पोहे असतात. येऊ घातलेल्या घराला आम्ही त्याला आवर्जून बोलावतो. येतीलच असं नाही, पण जे आले त्यांना पुढे फार सांगावं लागलं नाही.

सामान येतं त्या दिवशी फक्त पाच गोष्टी

टेम्पो दारात उभा असताना नियमावली वाचून दाखवू नये. माणसं थकलेली असतात, गॅस जोडलेला नसतो, मूल रडत असतं. त्या दिवशी पाचच गोष्टी सांगा: टेम्पो कुठे लावायचा, लिफ्टमध्ये जड सामान किती आणि कसं न्यायचं (आम्ही आतून जुन्या गोधड्या लावून देतो), पाणी किती वाजता येतं आणि कोणत्या वारी बंद असतं, कचरा किती वाजता आणि कसा वेगळा करून द्यायचा, आणि रात्री काही अडलं तर कुणाला फोन करायचा. एका छोट्या कागदावर लिहून हातात द्या. शेजारच्या घरातून चहा आणि एक वेळचं जेवण गेलं तर फार बरं. आमच्या मजल्यावर वरणभाताचा डबा ठरलेला आहे.

आठ-दहा दिवसांनी: चहा

खरं बोलणं इथे होतं. दोघंच जणं जा, अख्खी कमिटी नको. पाच माणसं दारात उभी राहिली की ती चौकशी वाटते. दोघांतलं एक त्याच मजल्यावरचं असावं. नव्या घराच्या सोयीची वेळ घ्या. रात्रपाळीच्या माणसाला रविवारी सकाळी दहाला उठवू नका.

पहिली वीस मिनिटं आपण विचारायचं. घरात कोण कोण आहे, कामाच्या वेळा काय, कुणाला दम्याचा किंवा चालण्याचा त्रास आहे का, कुणी शिकवणी घेतं का, कुणी तबला-पेटी वाजवतं का, घराची दुसरी किल्ली कुणाकडे असते. हे सगळं उपयोगाचं असतं. एका घरात आजी ऑक्सिजनवर होत्या. ते कळल्यावर जनरेटरच्या जोडणीत त्यांच्या घराचा एक पॉइंट आधी घेतला. कुणी सांगायला नाखूश असेल तर तिथेच थांबा. धर्म, जात, खाणंपिणं, लग्न कधी करणार, हे विचारायचं नाही. मी हे आमच्या कमिटीतल्या वडीलधाऱ्यांनाही तोंडावर सांगितलं आहे.

मग त्यांना विचारायचं, "तुमची आमच्याकडून काय अपेक्षा आहे?" लोक आधी संकोचतात. आधीच्या सोसायटीत कशाचा त्रास झाला असं विचारलं की मात्र भरभरून बोलतात. हिशोब दाखवत नव्हते, मुलांना खाली खेळू देत नव्हते, पार्किंगवरून रोज भांडण. ते लिहून घ्या.

त्यानंतर आपलं सांगायचं, आणि प्रत्येक गोष्टीबरोबर कारण द्यायचं. दोन्ही प्रकारची वाक्यं एकदा मोठ्याने म्हणून बघा:

"आमच्याकडे रात्री गच्चीवर जायचं नाही."

"गच्चीच्या खालीच सातव्या मजल्यावरच्या आजोबांची खोली आहे, खुर्ची सरकली तरी त्यांना आवाज जातो. म्हणून दहानंतर गच्ची बंद ठेवतो. कधी पाहुण्यांसाठी हवी असेल तर आजोबांना आधी सांगा, ते नाही म्हणत नाहीत."

दुसऱ्या वाक्याने आजोबा माहीत होतात. आणि ज्या नियमाचं कारण आपल्याला सांगताच येत नाही, तो सभेत पुन्हा चर्चेला घ्या.

पार्किंगचं मात्र गोडगोड बोलून चालत नाही. जागा कुणाच्या नावावर आहे, सभासदांपेक्षा जागा कमी असतील तर सोडत कधी निघते, पाहुण्यांची गाडी कुठे, हे नकाशावर बोट ठेवून दाखवा. "ॲडजस्ट करू" हा शब्द पार्किंगच्या बाबतीत वापरू नका.

गणपतीची आणि नवरात्राची वर्गणी ऐच्छिक आहे हे आपणहून सांगा. ती मेंटेनन्सच्या बिलात घालायची नाही. आरतीला या, प्रसादाला या, पैसे दिले नाहीत तरी या, असं म्हणा आणि तसंच वागा.

घराचं काम काढणार असतील तर वेगळी बैठक

फरशा फोडणं हा नव्या घराचा आणि जुन्या इमारतीचा पहिला मोठा प्रसंग. यावर मी जरा थांबणार आहे, कारण आम्ही इथे सपशेल चुकलो होतो.

चौथ्या मजल्यावर नवीन आलेल्या कुटुंबाने बाथरूम नवं करून घेतलं. कामाची तारीख आम्हाला कळवली होती, आम्ही "हो" म्हटलं आणि विषय संपवला. सव्वा महिन्याने तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला बोलावलं. देवघराच्या वर छतावर ताटाएवढा ओला डाग, त्याच्या मधोमध रंगाचा पापुद्रा सुटून लोंबत होता, आणि खाली समईत पाण्याचे थेंब. वरच्यांचं म्हणणं, डाग जुना आहे. खालच्यांचं म्हणणं, तुम्ही फरशी फोडलीत. पुरावा कुणाकडेच नव्हता. आठ महिने दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नव्हती. शेवटी चौथ्या मजल्यावरची फरशी पुन्हा उखडली, तेव्हा नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या पाणी जाण्याच्या तोंडाच्या) कडेने कोबा नीट भरलेला नव्हता हे दिसलं.

आता काम सुरू होण्याआधी आम्ही हे करतो. खालच्या घराच्या छताचे, भिंतींचे तारखेसह फोटो दोन्ही घरांच्या समोर काढतो आणि दोघांनाही पाठवतो. नव्या घराचा ठेकेदार सेक्रेटरीला भेटतो. पिलर आणि बीम यांना छिन्नी लावायची नाही, भिंत काढायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत आणि लागेल तिथे महापालिकेची परवानगी, हे त्याला स्वतःला सांगतो. घरमालकाला सांगितलेलं ठेकेदारापर्यंत पोचतंच असं नाही. कामाच्या वेळा सभेच्या ठरावाप्रमाणे दहा ते एक आणि तीन ते सहा. राडारोडा गोणीत भरून त्याच दिवशी खाली, डक्टमध्ये काहीही टाकायचं नाही. कामगारांना पिण्याचं पाणी आणि खालचं स्वच्छतागृह मिळेल. हे शेवटचं आमच्या यादीत बराच काळ नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की फरशी बसवण्याआधी ट्रॅप बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या घरातून छत तपासायचं. दोन दिवस काम थांबतं म्हणून ठेकेदार कुरकुरतो. त्याला ऐकवा. गळतीचा खर्च कुणाचा हेही आधीच सांगून ठेवा: घरातल्या संडास-बाथरूमच्या गळतीची दुरुस्ती सभासदाच्या खर्चाने, गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी आत आलं तर सोसायटीच्या खर्चाने.

भाडेकरूही रहिवासीच

घर भाड्याने देताना सभासदाला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे (सरकारच्या नमुना नियमावलीप्रमाणे) आठ दिवस आधी कळवायचं, लिव्ह अँड लायसन्सच्या कराराची प्रत द्यायची आणि पोलिसांना माहिती द्यायची. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच आणि तेही घरमालकाकडून. आई-वडील, भावंडं किंवा लग्न झालेली मुलगी राहत असेल तर ते लावायचं नाही.

भाडेकरूला सभेत मत नाही, पण तो तोच जिना चढतो आणि तेच पाणी वापरतो. आमचा चहा त्यालाही असतो. घरमालक "मी त्यांना सांगितलंय सगळं" म्हणतील. त्यावर अवलंबून राहू नका. अकरा महिन्यांनी भाडेकरू बदलला की पुन्हा जा, कंटाळू नका. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलाला, शाम्पूच्या रात्रीनंतर, मी गुरुवारी संध्याकाळी मेसेज करायचे. पुढच्या वर्षी शेजारी नवीन मुली राहायला आल्या तेव्हा पाण्याचं त्यांना त्यानेच सांगितलं.

लिहून काय द्यायचं

एकच पान. घराच्या दारामागे चिकटवता येईल असं. वर फोन नंबर, मग वेळा, मग सभेचे ठराव तारखांसह, शेवटी "आमच्याकडची रीत" अशा वेगळ्या मथळ्याखाली चार-पाच ओळी. मराठीत आणि त्या घराला वाचता येईल त्या भाषेत. पूर्ण उपविधी आणि मागच्या वर्षीचा हिशोब मागितला की मिळेल, हेही त्यावर लिहा. याच पानावर कमिटीकडूनही काही कबूल करा. आमच्याकडे लिहिलंय: लेखी अर्जाला पंधरा दिवसांत लेखी उत्तर, प्रत्येक पैशाची पावती, आणि वॉचमनमार्फत कुणालाही ताकीद पाठवणार नाही.

व्हॉट्सॲपचे दोन ग्रुप ठेवा. एकात फक्त सूचना, दुसऱ्यात गप्पा. नव्या घराला पहिल्यात लगेच घ्या, दुसऱ्यात विचारून.

मोडलं तर

पहिल्यांदा चूक झाली की दोन दिवसांच्या आत, समोरासमोर, एकाच माणसाने बोलायचं. ग्रुपवर फोटो टाकायचा नाही. कचऱ्याच्या पिशवीचा फोटो ग्रुपवर पडला की ती पिशवी कुणाची हे सगळ्या इमारतीला कळतं आणि ते घर कायमचं दुखावतं. बोलताना आधी विचारा: "हे तुम्हाला आम्ही सांगितलं होतं का?" उत्तर "नाही" असं आलं तर चूक आपल्या यादीत धरा. दुसऱ्यांदा झालं तर त्या चहाची आठवण करून द्या आणि अडचण काय आहे ते ऐका. तिसऱ्यांदा मात्र लेखी पत्र, ठरावाच्या तारखेसह. तिथे संकोच करू नका, कारण नियम पाळणाऱ्या बाकीच्या घरांचंही आपण देणं लागतो. थकबाकी किंवा बेकायदा बांधकामासारखी बाब असेल तर उपनिबंधक आणि सहकार न्यायालयाचे मार्ग आहेतच. मला सहा वर्षांत ते एकदाच लागले.

तीन महिन्यांनी पुन्हा

नवा माणूस फार तर तीन-चार महिनेच नवा असतो. मग त्यालाही आपल्यासारखंच काही दिसेनासं होतं. म्हणून तीन महिने झाले की पुन्हा एकदा जा आणि विचारा, "इथे काय खटकतं?" यादीत लिहा, कारणं देत बसू नका. जे सभेत मांडण्यासारखं असेल ते वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत होते आणि सूचना चौदा दिवस आधी निघते, म्हणजे ऑगस्टअखेर विषय हातात हवेत. पहिल्या सभेला त्यांच्या शेजारी बसा. कोण कुठल्या जुन्या भांडणाबद्दल बोलतंय हे हळू आवाजात सांगायला कुणीतरी लागतं.

मागच्या वर्षी पहिल्या मजल्यावर आलेल्या सूनबाईंनी या भेटीत एकच गोष्ट सांगितली. त्यांच्या सासूबाई वॉकर घेऊन चालतात, आणि आमच्या लिफ्टच्या अलीकडे दोन पायऱ्या आहेत. रोज त्या दोन पायऱ्यांपुरतं मुलाला खाली यावं लागायचं. आम्ही अठरा वर्षं त्या पायऱ्या चढतोय. सप्टेंबरच्या सभेत विषय आला, दिवाळीआधी पायऱ्यांच्या जागी उतार झाला. आता सकाळी त्या वॉकर घेऊन एकट्याच खाली येतात आणि बाकावर बसून पेपर वाचतात. डावीकडच्या कठड्याला अजून हात धरायचा दांडा बसायचा आहे, तो या महिन्यात होईल.